‘९० दिवसांत मुळापासून बरा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

लेकीला १९व्या वर्षी पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार, निघाला आणि माझी झोप उडाली. यालाच बरेच जण पीसीओडी म्हणतात. मला हा त्रास १७व्या वर्षापासून आहे. दोन-दोन महिने पाळी न येणं, हनुवटीवरचे केस, दिवस राहण्यासाठी चार वर्षं केलेल्या खेपा. हे तिच्या वाट्याला नको, एवढ्यापायी मी फसले.

मोबाइलवर जाहिरात आली, ‘९० दिवसांत पीसीओडी मुळापासून बरा’. नंबर टाकताच फोन. पलीकडची मुलगी फार मायेनं बोलायची. ‘ताई, लेकीचं लग्न व्हायचंय ना अजून?’ त्या वाक्यासरशी मी १८,००० रुपये भरले.

पाकिटांत हिरवट पावडर, वर कमळाचं चित्र. घटक, बॅच नंबर, परवाना क्रमांक, काहीच छापलेलं नव्हतं. ‘इंग्रजी गोळ्या बंद केल्याशिवाय गुण येणार नाही,’ असं त्यांनी सांगितलं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी स्वतःच्या हातानं तिच्या डब्यातून काढल्या. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

पाच महिने पाळी नाही. विचारलं, तर म्हणे शरीर शुद्ध होतंय, आणखी एक कोर्स घ्या. मग आली ती १८ दिवस थांबेना. पोर पांढरीफटक पडली, हिमोग्लोबिन ७ वर.

डॉक्टरांनी समजावलं, पाळी लांबली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, म्हणून तीन महिन्यांच्या वर थांबायचंच नाही. आणि सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेतच, स्त्रीबीजांच्या पूर्ण न वाढलेल्या बारीक पिशव्या असतात. मग पावडरवाले म्हणतात तशा त्या ‘विरघळवायच्या’ कशा? इतकी वर्षं आजार अंगावर काढून मला हे माहीत नव्हतं! तो काबूत राहतो, मुळापासून जात नाही. पाळी गेल्यावरही मधुमेहाची टांगती तलवार असतेच. माझी साखर ४३व्या वर्षी वाढली.

पाळीचे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्यानंच बंदी आहे, हेही मला नंतर कळलं. तुम्हाला अशी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी उशीर केला, तोवर त्यांचा नंबर बंद झाला होता. उरलेली दोन पाकिटं न फोडता तक्रारीसोबत दिली आहेत. लेकीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात, आणि पाळीची तारीख आता तीच कॅलेंडरवर लिहिते.