माकडतापाच्या भागात डीएमपी तेल: कुठे उपयोगी, कुठे अपुरं

काजूचा हंगाम जवळ आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायच्या डीएमपी तेलाची चौकशी सुरू होते. डायमिथाइल थॅलेट हे त्याचं पूर्ण नाव. रंग नाही, वास जवळपास नाही, पाण्यापेक्षा किंचित जड. 2015 मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माकडताप, म्हणजे गोचिडातून येणारा विषाणूचा ताप, आढळला, पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गात साथ आली, आणि हे तेल या पट्ट्याच्या ओळखीचं झालं. साथरोगाच्या अंगाने आमचं मत आधीच सांगतो: तेल घ्यावं, नियमाने लावावं, पण फक्त त्याच्या भरवशावर पातेऱ्यात, म्हणजे झाडाखालच्या सुक्या पाल्यात, पाय घालू नये.

हे तेल गोचीड मारत नाही, फक्त दूर ठेवतं. माकडतापाचा विषाणू मुख्यतः हेमाफायसालिस स्पिनिजेरा जातीच्या गोचिडातून माणसात येतो, आणि बहुतेक वेळा चावतो तो पूर्ण वाढलेला गोचीड नव्हे, त्याची निंफ अवस्था, म्हणजे अर्धवट वाढलेलं पिल्लू. ती तिळाहूनही बारीक असते. चावा दुखत नाही, त्यामुळे अनेकांना तो कळतही नाही. निंफ नोव्हेंबर-डिसेंबरपासून वाढू लागतात आणि जानेवारी ते एप्रिल जास्त असतात. गोव्यात बोंडू (काजूचं फळ) आणि बिया गोळा करायचे दिवसही नेमके हेच. बोंडू जमिनीवर पडतो, तो वेचायला माणूस वाकतो, दमला की त्याच पातेऱ्यावर टेकतो. गोचीड उडत नाही की झेप घेत नाही. पानाच्या किंवा गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून थांबतो आणि अंग घासलं की चढतो. म्हणून खरी लढाई गुडघ्याखाली आणि हातांवर आहे.

लावायची पद्धत साधी आहे, पण गडबड तिथेच होते. बागेत शिरायच्या आधी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, कोपरापासून बोटांपर्यंत आणि मानेला सलग पातळ थर द्यायचा. एका मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 6 ते 8 मिली लागतं, म्हणजे चहाचा दीड चमचा. घोट्यावर चार थेंब चोळून काही होत नाही; मधली कोरडी राहिलेली जागा गोचिडाला पुरते. डोळे, ओठ, जखम, खरचटलेली त्वचा टाळायची. तान्ह्या मुलांना लावू नये. मोठ्या मुलांना आईबापांनी स्वतःच्या हाताने लावावं, तळहातांना मात्र नाही, कारण तो हात लगेच तोंडात जातो.

या तेलाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे टिकाऊपणा. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात घाम सुटला की थर पातळ होतो आणि कपड्याला घासून निघून जातो. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, घामाच्या कामात दोन तासच धरून चाला आणि पुन्हा लावा. सकाळी सहाला लावून दुपारी बारापर्यंत निर्धास्त राहणं हीच नेहमीची चूक. आता हिशोब करा: दिवसातून दोनदा लावलं तर 100 मिलीची बाटली एका माणसाला जेमतेम आठवडाभर जाते. चार माणसं बागेत जाणाऱ्या घरात ती दोन दिवसांत संपते. म्हणून हंगामभरासाठी घरटी एक बाटली हा पुरवठा नाही, नमुना आहे. मागणी करताना माणसं आणि दिवस मोजून करावी. आरोग्य केंद्राला आकडा डिसेंबरच्या आत कळला तर बाटल्या वेळेत येण्याची आशा. फेब्रुवारीत पहिला रुग्ण सापडल्यावर वाटप सुरू झालं तर निंफांचे दोन महिने आधीच गेलेले असतात.

दुसरा दोष फारसा कोणी सांगत नाही. डीएमपी प्लास्टिक मऊ करण्यासाठीच कारखान्यात वापरतात. त्यामुळे चष्म्याची फ्रेम, घड्याळाची काच, पीव्हीसीचे गमबूट, रेयॉनचं कापड यांना ते लागलं की चिकट होतात किंवा खराब होतात. सुती कपड्याला काही होत नाही. हात पुसायला सुती फडकं जवळ ठेवा आणि गमबूट घालणार असाल तर तेल पोटरीवर जिरू देऊन मगच बूट चढवा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हे तेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून बागेत नेऊ नका. ते पाण्यासारखंच दिसतं, वासावरून ओळखू येत नाही, आणि त्याच झाडाखाली पाण्याची आणि हुर्राकाची (काजूच्या दारूची) बाटलीही पडलेली असते. पोटात गेलं तर विषबाधा होते. मूळ बाटली, मूळ लेबल, मुलांच्या हाताबाहेर. यात सवलत नाही.

पर्याय काय? डीआरडीओने विकसित केलेलं डेपा तेल कर्नाटकात माकडतापाच्या भागात वाटलं जातं. मिळालं तर ते घ्यायला आमची हरकत नाही. डीईईटी असलेली मलमं डीएमपीपेक्षा जास्त वेळ टिकतात, पण लेबलवरचं प्रमाण आणि गोचिडाचा उल्लेख बघून घ्यावीत. घराघरात असलेलं ओडोमॉस डासांसाठी आहे, ते बागेतल्या गोचिडासाठी धरू नये. खोबरेल, कडुलिंबाचं तेल, तंबाखूचं पाणी यांवर अवलंबून राहू नका.

लसीबद्दल हमखास विचारलं जातं. कर्नाटकात दिली जाणारी जुनी लस 2022 मध्ये थांबवली. नव्या लसीचं काम चालू आहे, पण आज काजू वेचणाऱ्याच्या दंडावर टोचायला काही नाही. त्यामुळे तेल, कपडे आणि सवयी एवढीच ढाल उरते, आणि त्यातही आम्ही कपड्यांना तेलाच्या वर मानतो. फिकट रंगाची पूर्ण बाह्यांची सुती अंगी, लांब पँट, पँटीची टोकं मोज्यात खोचलेली. फिकट रंगावर निंफ चढताना दिसतो. बसायचंच असेल तर पातेऱ्यावर नाही, साफ केलेल्या जमिनीवर. झाडाखालचा पातेरा हंगामाआधी लांब दांड्याने ओढून काढावा, आणि तो गोठ्यात अंथरायला घरी आणू नये. जंगलात चरून आलेली गुरंही गोचीड घरापर्यंत आणतात, तेव्हा गोठ्यासाठी गोचीडनाशक पशुवैद्यांना विचारून घ्या.

घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, अंगाला साबण, आणि काख, जांघ, गुडघ्यामागची घडी, कानामागे हात फिरवून तपासणी. गोचीड चिकटलेला दिसला तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. काडीने भाजणं, रॉकेल ओतणं, डीएमपीच चोळणं हे उपाय करू नका. मग ती जागा साबणाने धुवायची.

बागेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही. ते मेल्यावर त्याच्या अंगावरचे गोचीड उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात, आणि तेल लावलेला माणूसही तिथे सुरक्षित नाही. आरोग्य केंद्र किंवा वनखात्याला कळवा.

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, कपाळात ठणका, अंग मोडून येणं सुरू झालं तर तेल लावलं होतं म्हणून वाट पाहू नका. वाळपईच्या सामूहिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या केंद्रात जा आणि स्वतःहून सांगा: काजूच्या बागेत जातो. हे सांगितलं नाही तर डेंग्यू समजून पुढे जाण्याचा धोका असतो, कारण प्लेटलेट दोन्हींत उतरतात. विषाणू शोधणाऱ्या आरटी-पीसीआर तपासणीसाठी रक्त पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं, नंतर विषाणू रक्तात सापडत नाही आणि प्रतिपिंडं शोधणाऱ्या आयजीएम तपासणीवर जावं लागतं. तापाला पॅरासिटामॉल चालतं; अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन मात्र नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी काही रुग्णांना तो पुन्हा येतो, डोकं दुखतं, तोल जातो, भान हरपतं. तेव्हा दुसऱ्या तापाला थांबायचं नाही, त्याच दिवशी परत केंद्रात.