हापूससाठी गेले, जर्दाळूत अडकले: फळबाग क्लबचे दहा महिने

फळबाग क्लबची वर्गणी भरली तेव्हा डोक्यात एकच होतं. सनीव्हेलच्या परसात हापूस लावायचा आणि त्यासाठी कोपऱ्यातलं म्हातारं जर्दाळूचं झाड पाडायचं. आज दहा महिन्यांनी हापूस लागलेला नाही, झाड तिथेच आहे आणि त्याच्या चार फांद्यांवर भलतीच पानं आहेत. बे एरियातल्या दोघी-तिघींनी विचारलं, "त्या फळवाल्यांच्या क्लबात जावं का गं?" म्हणून हे सविस्तर.

वर्षाची वर्गणी हापूसच्या एका पेटीपेक्षा कमी आहे आणि ती वसूल होते जानेवारीत, एकही फळ झाडावर नसताना. तेव्हा कलमाच्या काड्यांची अदलाबदल असते. हॉलभर टेबलं, टेबलांवर झिपलॉकच्या पिशव्या, त्यांत पेन्सिलीएवढ्या जाड, झोपी गेलेल्या काड्या: सफरचंद, नासपती, आलुबुखार, अंजीर, डाळिंब. हवी ती उचला. लिंबू-संत्र्याची काडी मात्र आणायलाही मनाई, कारण लिंबूवर्गीय झाडं मारणारा ग्रीनिंग रोग. आपला कढीपत्ताही त्याच काळ्या यादीत आहे, कारण तो रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर सुखाने नांदते. मैत्रिणीला द्यायला मी कढीपत्त्याचं रोप गाडीत टाकून नेलं होतं. ते गाडीतच राहिलं.

काड्या ओल्या कागदात गुंडाळून मार्चपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायच्या. सफरचंदं असतील त्या कप्प्यात नाही, कारण पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूने काडीवरचे डोळे मरतात. तेव्हा सासूबाई इथे होत्या. तीन दिवस त्या काही बोलल्या नाहीत, चौथ्या दिवशी म्हणाल्या, "ह्याचा काढा कधी करायचा?"

कलम बांधायला शिकवणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे. हात थरथरतात, पण चाकू काडीला लागला की थरथर थांबते. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासलं, खुंटाच्या फांदीला उभी चीर दिली, पाचर आत सरकवली. आम्ही सगळ्यांनी ती बरोब्बर मधोमध बसवली, आणि तीच चूक. सालीच्या खाली जो ओलसर हिरवट थर असतो, तो किमान एका बाजूने तरी जुळायला हवा. काडी बारीक असेल तर सरळ एका कडेला घ्यायची, दिसायला वाकडी दिसली तरी. माझा मामा लांज्याला पावसाळ्यात कोय कलमं बांधायचा, तांबूस पानांची कोवळी रोपं कापून. लहानपणी ते शंभरदा पाहिलं होतं, पण तो काय जुळवत होता ते मला इथे कळलं. मी सहा कलमं बांधली, चार धरली. जर्दाळूवर सांता रोझा आलुबुखार म्हणजे शेजारच्या घरात सोयरीक, बहुतेक जमते.

आता सहली. पहिली सनीव्हेलमधलीच, कम्युनिटी सेंटरला लागून शहराने राखलेली दहा एकरांची जर्दाळूची बाग. तिच्यावरून मी वर्षानुवर्षं गाडीने गेले होते. ही अख्खी दरी सिलिकॉन व्हॅली होण्याआधी जर्दाळू आणि प्रूनची, म्हणजे सुकवायच्या आलुबुखारांची होती. फ्रेंच प्रूनच्या काड्या लुई पेलिए या रोपवाटिकावाल्याने 1856 मध्ये सॅन होजेला आणवल्या होत्या. म्हणजे आपण ज्यांचे गृहकर्जाचे हप्ते फेडतोय त्या घरांखाली बागा आहेत. तिथे शिकलेली एक गोष्ट सोन्याची आहे: जर्दाळूची छाटणी हिवाळ्यात करायची नाही. इथला पाऊस हिवाळ्यात पडतो, ओल्या जखमेतून बुरशी शिरते आणि फांद्याच्या फांद्या वाळतात. उन्हाळ्यात, फळं उतरल्यावर छाटा. आमचा लॉनवाला दर डिसेंबरात कात्री चालवायचा.

ऑगस्टमध्ये सेबॅस्टोपोल, फळा-भाज्यांचे नवे वाण घडवणाऱ्या ल्यूथर बरबँकची गोल्ड रिज फार्म. बटाट्याच्या एका वाणाचे 150 डॉलर घेऊन हा माणूस 1875 मध्ये कॅलिफोर्नियात आला. फ्रेंच फ्राइजचा रसेट बरबँक त्याच बटाट्यातून आला. दहा वर्षांनी त्याने ही 18 एकर जमीन घेतली. आज जेमतेम तीन एकर उरली आहे. त्याने आलुबुखार आणि जर्दाळूचा संकरही केला होता, आणि माझ्या झाडावरचा सांता रोझा त्याचाच, 1906 चा. हे कळल्यावर मी उगाचच जरा ताठ चालले. वाटेत ग्रॅव्हनस्टीन सफरचंदं घेतली. आंबटगोड, रसाळ, पण टिकत नाहीत. आठवड्यात मऊ.

विंटर्स गावच्या वुल्फस्किल बागेत सरकारी संग्रहातली डाळिंबं चाखायला मिळाली. तुर्कमेनिस्तानातून आलेलं पारफियांका खाल्लं, दाणे मऊ, चव आंबूस. आपलं गणेश डाळिंब आठवलं. तेही निवडीतूनच आलं, पुण्यात, 1936 मध्ये, आळंदी वाणातून. खरं सांगायचं तर मला गणेशच बरं.

एका सभासदाच्या परसात चेरिमोया होता. सीताफळाचाच गोरा चुलतभाऊ. त्याचं फूल आधी मादी आणि मग नर होतं, म्हणून संध्याकाळी पराग डबीत झाडून ठेवायचे आणि सकाळी नव्या उघडलेल्या फुलाला ब्रशने लावायचे. नाहीतर फळ जवळजवळ नाहीच.

तक्रारी आहेत. तारखा आयत्या वेळी बदलतात. एका जुन्या श्रीमंती बंगल्याच्या बागेची सहल फुकट गेली. तिकीट भारी, दोरीपलीकडून बघा, माहिती सांगणाऱ्या बाईंना गुलाबांपलीकडे काही येत नव्हतं. लेबलांचा तर आनंद. अंजिराच्या तीन काड्यांवर मार्करने नावं होती, जूनपर्यंत उन्हाने शाई उडाली, आता तीन अनामिक रोपं आहेत. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहा, टिकतं.

आणि हापूस? इथल्या थंडीत कोवळं कलम जगवणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळणं. क्लबात दोघांनी सांभाळलंय, हिवाळाभर दिव्यांच्या माळा आणि गोधड्या घालून. मी नाही करणार. लासलगावला विकिरण होऊन आलेली पेटी घेईन.

जूनमध्ये त्या आजोबांनी आमच्या झाडाचं फळ मोडून पाहिलं. खांद्याशी हिरवट, आत पूर्ण पिकलेलं. "ब्लेनहाइम," म्हणाले, म्हणजे जर्दाळूचा इथला जुना वाण, आणि दुसरं मागितलं.

जानेवारीतल्या अदलाबदलीला मी आमच्या झाडाच्या काड्या घेऊन जाणार आहे. गाडीत दोन जागा आहेत, सनीव्हेल-क्युपर्टिनोकडून कोणी येणार असेल तर कळवा. कढीपत्ता आणू नका.