लाल पानांचं झाड लावायचंय: देशी बदाम की कोशिंब?

नर्सरीत लाल पानांचं झाड मागितलं की हातात बहुधा देशी बदामाचं रोप येतं. कोशिंब (काही गावांत कुसुंब) मात्र शोधावा लागतो. बदामाची म्हातारी पानं गळण्याआधी लाल होतात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. कोशिंबाची कोवळी पालवीच लाल फुटते, शिमग्याच्या आगेमागे, आणि हळूहळू हिरवी होते. थंडीत रंग हवा तर बदाम, उन्हाळ्याच्या तोंडावर हवा तर कोशिंब.

बदाम मूळचा किनाऱ्याकडचा. वाढतो भराभर, फांद्या आडव्या मजल्यामजल्यांनी सुटतात, म्हणून भिंतीपासून निदान वीस फूट हवा. खरी कटकट पानांची: वीतभर लांब, टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लवकर न कुजणारी, आणि गच्चीच्या पन्हाळ्यात बसली की पहिल्याच वळवाला पाणी तुंबतं. फळांवर वटवाघळं येतात, खाली गाडी लावू नका. सातारा-सांगलीच्या माण, खटाव, आटपाडीत पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथे पाणी कमी पडलं तर पानांच्या कडा करपतात. तो तपकिरी रंग म्हणजे हंगामाचा लाल नव्हे. कृष्णाकाठच्या थोड्या खारट जमिनीत बदाम तग धरतो, पण पाणी साचून राहिलेलं त्यालाही चालत नाही.

कोशिंब सह्याद्रीतलाच. जावळी, पाटण, शिराळ्याच्या बाजूला त्याला आपलं हवामान मिळतं. वाढ संथ, लाकूड जड, सावली दाट. फळातला आंबट गर खातात. बियांचं तेल निघतं, पण कच्च्या बिया खायच्या नाहीत. याच्यावर लाखेचे किडेही पोसतात.

कोशिंबाच्या लागवडीत फसतं ते मुळापाशी. सोटमूळ लांब जातं, त्यामुळे पिशवीत दोन-तीन वर्षं पडलेलं रोप घेतलं तर मूळ गुंडाळलेलं असतं आणि झाड नुसतं उभं राहतं. वर्षाच्या आतलं रोप घ्या, किंवा गर काढून ताजं बी जून-जुलैत थेट जागेवर पेरा. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत. वाळव्याकडच्या चिकण काळ्या रानात फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्या आणि कुंपण घाला. शेळीला ही लाल पालवी आपल्याइतकीच आवडते.

गुंठा-दीड गुंठ्याच्या बंगल्यात दोन्ही टाळलेली बरी. मोठं अंगण आणि रोज झाडायची तयारी असेल तर बदाम. शेतावर आम्ही कोशिंबच सुचवू, पण उसाच्या दक्षिण बांधावर नको: हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते, फड पिवळट राहतो. उत्तर बांधावर लावाल तर तीच सावली शेजाऱ्याच्या रानात जाते. ओढ्याकडेची किंवा रस्त्याकडेची जागा धरा.