जुन्या लॅपटॉपवर रोज वापरते ती फुकटची सॉफ्टवेअर, आणि आधार कार्ड भलत्या साइटवर का टाकू नका

आमच्या घरचा लॅपटॉप २०१६चा, ४ जीबी रॅमचा, आणि त्यावर सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब, बाबांचे सातबारे-फेरफार, भाचीचे परीक्षेचे फॉर्म असं सगळं चालतं. विकतचं एकही सॉफ्टवेअर त्यात नाहीये. चोरून टाकलेलंही नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे "फुकट" म्हटलं की लोकांना क्रॅकच आठवतो.

सुरुवात पीडीएफपासून करते कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच असते. भाची एकदा रात्री साडेदहाला फोन करून म्हणाली, "मावशी, पासबुक आणि आधार एकाच पीडीएफमध्ये मागतायत आणि साइझ जास्त होतेय, मी एका साइटवर टाकून जोडून घेतलं, पण आता ती डाउनलोडला पैसे मागतेय." म्हणजे बघा, पोरीचं आधार कार्ड आणि खातं नंबर एका अनोळखी साइटकडे जाऊन बसला आणि फाइल काही मिळालीच नाही. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला पीडीएफ२४ सांगते. जर्मनीतल्या कंपनीचं आहे, विंडोजवर इन्स्टॉल होतं, आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेट बंद करूनही चालतं, म्हणजे कागद तुमच्या कॉम्प्युटरच्या बाहेर जातच नाही. (त्यांची वेबसाइटपण तीच कामं करून देते, पण माझा सगळा जोर इन्स्टॉल करायच्या आवृत्तीवर आहे, फरक लक्षात ठेवा.) पीडीएफ जोडणं, पानं काढणं, आडवं पान उभं करणं, साइझ कमी करणं, सगळं होतं. साइझ कमी करताना डीपीआय (चित्राची बारकाई सांगणारा आकडा) एकदम खाली नेऊ नका, सातबाऱ्यावरचे बारीक आकडे पुसट होतात, मी १५० च्या आसपास ठेवते आणि सेव्ह झालेली फाइल मोठी करून गट नंबर वाचता येतोय ना ते बघते.

अजून एक अडचण बऱ्याच जणांना कळतच नाही. ई-आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते (नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल), ती तशीच फॉर्मला जोडली तर पुढच्याला उघडत नाही आणि आपल्याला वाटतं साइट बिघडली. पीडीएफ२४ मध्ये तो पासवर्ड देऊन कुलूप काढता येतं. आणि जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवरून मास्क केलेलं आधार घ्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

नुसतं वाचायला मात्र मी सुमात्रा पीडीएफ ठेवलंय. काही एमबीचंच आहे, डबल क्लिक केलं की फाइल समोर, ना लॉगिन ना "हे फीचर विकत घ्या". जुन्या मशीनवर हा फरक अंगाला जाणवतो.

आता फोटो आणि सही. बँकांच्या नोकरभरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते, पिक्सेलपण सांगितलेले असतात, फोटोला २०० बाय २३० आणि सहीला १४० बाय ६०. मोबाइलचा फोटो असतो ३-४ एमबीचा, मग पोरं सायबर कॅफेत पन्नास रुपये देऊन येतात. इरफानव्ह्यू टाका. इरफान श्किल्यान नावाच्या माणसाने १९९६ मध्ये आणलेला प्रोग्रॅम आहे, अजून चालू आहे. माउसने चौकोन ओढायचा, कंट्रोल वाय दाबलं की तेवढाच भाग राहतो, कंट्रोल आर दाबलं की पिक्सेल टाकायची खिडकी येते, आणि जेपीजी म्हणून सेव्ह करताना क्वालिटीची पट्टी असते ती खालीवर करायची. साइझ किती झाली बघायला सेव्ह केलेली फाइल उघडून नुसतं आय दाबा. दोनदा केलं की हात बसतो, भाची आता मैत्रिणींचे फोटोपण करून देते. घरगुती वापराला फुकट आहे, दुकानात किंवा ऑफिसात धंद्यासाठी वापरणार असाल तर लायसन्स घ्यावं लागतं, ते घ्याच.

लिब्रेऑफिसबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण लोक एक दिवस वापरतात आणि "मराठी नीट येत नाही" म्हणून काढून टाकतात. ओपनऑफिस नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून २०१० मध्ये वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर, रायटर म्हणजे पत्र-नोटिशीसाठी आणि कॅल्क म्हणजे हिशोबासाठी. सोसायटीचा आमचा आठ वर्षांचा हिशोब एक्सेलच्या फाइलींमध्ये होता, तो कॅल्कमध्ये उघडला आणि बेरजा सगळ्या जागेवर होत्या. मॅक्रो (फाइलमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) वगैरे भारी प्रकार असतील तर अडेल, आमच्यात नव्हते. मराठीची गोष्ट अशी आहे की रायटर इंग्रजी अक्षरांना एक फॉन्ट धरतो आणि देवनागरीला दुसराच, त्यामुळे स्टाइलमध्ये तुम्ही साइझ १४ केली तरी मराठी १२ वरच राहतं आणि माणूस वैतागतो. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा भाग) असं लिहिलेलं असतं तिथे मराठी निवडायचं, आणि स्टाइलच्या फॉन्टमध्येही त्याच नावाचा वेगळा भाग असतो तिथे फॉन्ट आणि साइझ द्यायची, एवढंच. हे मला कोणी सांगितलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते.

फॉन्टचंही सांगते. विंडोजच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आजीच्या पोथीत किंवा आपल्या पाठ्यपुस्तकात असतात तसे नाही. गूगल फॉन्ट्सवर तिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट फुकट मिळतो, त्यात आपले ल आणि श आहेत, नोटीस छापून लावली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी मुद्दाम थांबून म्हणाले, "ताई, हे मराठी दिसतंय." मला फार बरं वाटलं. साधा, स्वच्छ फॉन्ट हवा असेल तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता घ्या. टायपिंगला वेगळं काही टाकायची गरज नाही, विंडोज १० च्या २०१९च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, भाषेच्या सेटिंगमधून चालू करायचा.

एव्हरीथिंग नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, फाइल शोधायचा. विंडोजची स्वतःची शोधाशोध चालू असेपर्यंत चहा होतो, हा मात्र अक्षर टाइप करता करता फाइल दाखवतो, कारण डिस्कवर फाइलींच्या नावांची जी यादी आधीपासून असते तीच हा वाचतो. मुळात नावावरून शोधतो, म्हणून फाइलला "स्कॅन००१२" नाव देऊ नका, "सातबारा_गट१४२_२०२१" असं द्या. सेव्हन-झिपबद्दल लांबण नको, झिप-आरएआर सगळं उघडतं आणि पासवर्ड घालून फोल्डर बंद करता येतं, बाबांचे बँकेचे कागद मी तसेच ठेवलेत.

व्हिडिओ बघायचं व्हीएलसी सगळ्यांना माहितीच आहे, तरी एक गोष्ट सांगायचीये. २०२२ मध्ये त्याची मूळ साइट भारतात ब्लॉक झाली होती, नोव्हेंबरमध्ये परत उघडली. मधल्या काळात बाबांनी लग्नाची सीडी बघायला व्हीएलसी शोधलं, खरी साइट उघडेना म्हणून भलतीकडून उतरवलं, आणि सोबत तीन अनोळखी प्रोग्रॅम आले, ब्राउझरचं पहिलं पान बदललं, दर दहा मिनिटांनी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" अशी पाटी. बाबा घाबरून बसले, दोन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. शेवटी मी विंडोज पुन्हा टाकलं. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये धोका असलाच तर तो असा, सॉफ्टवेअरपेक्षा ते कुठून घेतो त्यात. शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरात म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नका, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, आणि इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट न करता प्रत्येक टिकमार्क वाचा.

विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांसाठी, लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी तिकडेही आहेत, पीडीएफ२४, सुमात्रा, इरफानव्ह्यू आणि एव्हरीथिंग मात्र विंडोजचेच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आमच्या लॅपटॉपवर ११ बसत नाही, म्हणून दिवाळीत लिनक्स मिंट टाकून बघायचा विचार आहे. पीडीएफ जोडायला तिकडे काय वापरता ते कोणी वापरत असेल तर नक्की सांगा, बाबांना चालवता येईल असं सोपं हवंय.