लेव्हेटिरासेटाम: हिशेबाला सरळ, स्वभावाला तिरकं

अपस्माराचं हे औषध जुन्या चाळणीतून गळूनच पडायचं. उंदराला विजेचा धक्का देऊन आणलेले झटके थांबतात का, पेंटिलीनटेट्राझोल टोचून आणलेले थांबतात का, या दोन्ही ठरलेल्या चाचण्यांत ते नापास. मेंदूला वारंवार सौम्य विद्युत-उत्तेजन देऊन झटक्यांना प्रवण केलेल्या, म्हणजे ‘किंडलिंग’ केलेल्या प्राण्यांत मात्र त्याने गुण दाखवला. अमेरिकेत १९९९मध्ये मान्यता मिळाली. ते मेंदूच्या पेशींतल्या एसव्ही२ए या प्रथिनाला चिकटतं, हे २००४मध्ये कळलं.

खरी जमेची बाजू म्हणजे शरीरातला प्रवास. तोंडावाटे घेतलेलं जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या सायटोक्रोम एन्झाइमांशी त्याचं फारसं देणंघेणं नाही, त्यामुळे इतर औषधांशी भांडणं कमी. फेनिटॉइन या अपस्माराच्या जुन्या औषधाचा डोस जरासा वाढवला की एन्झाइमांची क्षमता संपते आणि रक्तातली पातळी एकदम उसळते; इथे डोस दुप्पट, तर पातळीही साधारण दुप्पट. प्रौढांना सुरुवात ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, दर दोन आठवड्यांनी रोजचा डोस १००० मिग्रॅने वाढवत कमाल ३०००. अर्धायुकाल (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) ६ ते ८ तासांचाच, म्हणून डोस चुकवणं महागात पडतं.

सुमारे ६६ टक्के औषध जसंच्या तसं लघवीतून जातं. मूत्रपिंड मंद असेल तर डोस कमी करावाच लागतो. डायलिसिसच्या चार तासांत शरीरातलं निम्मं औषध निघून जातं, त्यामुळे नंतर पूरक डोस हवा. सिरपच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिग्रॅ असतं. घरातल्या चमच्याने अंदाजे मोजू नका, सिरिंज वापरा. दीर्घ परिणामाची गोळी चावू किंवा तोडू नये, सगळा डोस एकदम सुटतो.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे: चिडचिड. चाचण्यांत वर्तनाच्या तक्रारी प्रौढांत १३ टक्के (प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीवर, ६), मुलांत ३८ टक्के (प्लासिबोवर १९). आधीपासून नैराश्य असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. मुलगा ‘हट्टी झालाय’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात, किंवा वैतागून गोळी एकदम बंद करतात. दुसरी चूक जास्त घातक, कारण झटके जोमाने परततात.

सगळ्यांना सरसकट हेच पहिलं औषध द्यायची सवय पटत नाही. औषधांची तुलना करणाऱ्या सॅनाड-२ चाचणीत (२०२१) फोकल अपस्मारात, म्हणजे मेंदूच्या एका भागातून झटके सुरू होतात त्या प्रकारात, लॅमोट्रिजिन हे दुसरं औषधच सरस ठरलं. त्याचा डोस पुरळाच्या भीतीने आठवडेच्या आठवडे हळू चढवावा लागतो, म्हणून घाई असेल तिथे लेव्हेटिरासेटाम. चिडचिड सोसेना तर ब्रिव्हारासेटाम या त्याच्या भाऊबंद औषधाचा विचार करता येतो. ते एसव्ही२एला अधिक घट्ट चिकटतं, पण दोन्ही एकत्र देऊन जास्तीचा फायदा दिसलेला नाही.