सोलापुरात स्फॅग्नम मॉस: जिवंत घ्यावे की वाळलेले?

स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारे, भरपूर पाणी धरून ठेवणारे एक प्रकारचे शेवाळ) मागवण्यापूर्वी ते कोणत्या कामासाठी हवे आहे, हे ठरवणे महत्त्वाचे आहे. सोलापूर जिल्ह्यात हे नाव बहुतेकांच्या कानावर डाळिंबाच्या गुटी कलमामुळे पडलेले असते आणि त्या कामाला वाळलेले मॉसच योग्य ठरते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साधारण अडीच सेंटिमीटर साल गोलाकार काढून तिथे भिजवून पिळलेले मॉस गुंडाळले आणि वर प्लॅस्टिक घट्ट बांधले, की मॉसच्या पोकळ, मृत पेशींत साठलेले पाणी मुळे फुटेपर्यंत पुरते. त्यासाठी ते जिवंत असण्याची मुळीच गरज नाही. ऑर्किडच्या कुंडीबाबतही हेच म्हणता येईल.

जिवंत मॉसचा विचार करावा तो व्हीनस फ्लायट्रॅप किंवा ड्रॉसेरासारख्या कीटकभक्षी वनस्पती वाढवणाऱ्यांनी, अथवा काचपात्रातील बाग हौसेने सांभाळणाऱ्यांनी. जिवंत मॉस पाण्यातील कॅल्शियमसारखे क्षार शोषून त्या बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडते, त्यामुळे भोवतीचे माध्यम आम्ल राहते, आणि या वनस्पतींना तेच मानवते. शिवाय ते सतत वर वाढत राहते आणि खालचा भाग मरत जातो. त्यामुळे लहान रोपे त्याखाली गाडली जाण्याचा धोका असतो, हेही ध्यानात ठेवावे.

सोलापुरात खरी अडचण पाण्याची आहे. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ही आम्लता मारून टाकतात. अशा पाण्यावर मॉसचे हिरवे शेंडे आधी फिकट पडतात, मग तपकिरी होतात, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. वाळलेल्या मॉसचे गुटीतील काम साध्या पाण्यावरही निभावते. जिवंत मॉसला मात्र गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी किंवा आरओचे शुद्ध पाणीच द्यावे. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजण्याची सोय असल्यास आकडा 50 च्या आत असावा. मात्र आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी चुकूनही वापरू नये, कारण सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, तर या वनस्पतीला साधारण 15 ते 25 अंश मानवतात. म्हणून जिवंत मॉस उन्हाळ्यात कुरिअरने मागवूच नये. बंद पार्सलात ते शिजते. माझ्या मते पावसाळा स्थिरावल्यानंतर, ऑगस्टपासून हिवाळ्यापर्यंतचा काळ खरेदीला उत्तम, कारण पुढच्या उन्हाळ्यापूर्वी त्याला रुजायला अवधी मिळतो.

खरेदी करताना शेंड्याकडे नीट पाहावे. खऱ्या स्फॅग्नमच्या प्रत्येक काडीच्या टोकाला बारीक फांद्यांचा दाट, चांदणीसारखा गुच्छ असतो आणि मूठभर ओले मॉस पिळल्यास धारेने पाणी निथळते. डोंगरातील साधे शेवाळही मॉस म्हणूनच विकले जाते. त्याला असा गुच्छ नसतो. वाळलेल्या मॉसमध्ये न्यूझीलंड आणि चिलीचा लांब धाग्यांचा माल उत्तम मानला जातो. दाबलेली 150 ग्रॅमची वीट भिजवल्यावर फुगून 10 ते 12 लिटरपर्यंत भरते, त्यामुळे महाग वाटली तरी ती पुष्कळ पुरते.

ज्यांना जिवंत मॉसच हवे आहे त्यांनी ते भरपूर विकत घेण्यापेक्षा मूठभर घेऊन वाढवावे, असे मला मनापासून वाटते. पसरट ट्रेमध्ये भिजवलेल्या वाळक्या मॉसचा तीन-चार सेंटिमीटरचा थर द्यावा, त्यावर जिवंत मॉसचे दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे शेंडे कापून अंथरावेत आणि पाण्याची पातळी शेंड्यांच्या खालीच ठेवावी. पारदर्शक झाकण थोडे उघडे ठेवून ट्रे पूर्वेच्या खिडकीत ठेवावा. बंद झाकणावर थेट ऊन पडले तर एका दुपारीच सारे भाजून निघते. खत अजिबात देऊ नये; त्याने मॉसऐवजी हिरवी बुरशीसारखी शेवाळाची साय वाढते. वाळक्या मॉसला कधी कधी आपोआप हिरवे कोंब फुटतात, पण त्यावर विसंबून बेत आखू नये.

दोन्ही प्रकार हाताळताना हातमोजे घालावेत, कारण स्फॅग्नममधील स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी त्वचेवरील ओरखड्यातून शरीरात शिरू शकते. कोरडे मॉस सोडवताना आधी पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ नाकात जात नाही.