महाबलीपुरमचे गाईडकाका आणि तप करणारं मांजर

महाबलीपुरमला गेलात तर त्या मोठ्या शिल्पपटासमोर गाईड घ्याच. आम्ही घेणार नव्हतो, नेटवर सगळं वाचलंय असं वाटत होतं, पण काकांनी जे दाखवलं ते मला एकटीला दिसलंच नसतं.

पट ७व्या शतकातला, पल्लवांच्या काळचा. कोणी अर्जुनाचं तप म्हणतं, कोणी गंगावतरण, काकांनी दोन्ही नीट सांगितलं, आपलंच खरं असं केलं नाही. मग डावीकडचा तपस्वी दाखवला, एका पायावर उभा, हात डोक्यावर, बरगड्या मोजता येतील इतका वाळलेला. आणि तिथून थेट उजवीकडे नेलं, मोठ्या हत्तीपाशी, खाली बघा म्हणाले. मांजर! मागच्या पायांवर उभं, पुढचे पंजे तसेच वर, आणि आजूबाजूला उंदीर. अंगावर काटा आला.

याला संस्कृतात शब्दच आहे म्हणाले, बैडालव्रत. बिडाल म्हणजे मांजर. मनुस्मृतीच्या ४थ्या अध्यायात अशा माणसाला धर्मध्वजी म्हटलंय, म्हणजे धर्माचा झेंडा मिरवणारा पण कायम लोभी, आणि लगेच पुढच्या श्लोकात नजर खाली लावून बसणारा बगळा येतो. आपल्या मराठीत बकध्यान टिकलं, मांजराचं व्रत मात्र मागे पडलं, याचं मला खरंच वाईट वाटलं, इतका चपखल शब्द.

गोष्ट महाभारतातली, उद्योगपर्वातली. गंगेकाठी हात वर करून उभं असलेलं मांजर बघून उंदीर त्याला मामा मानतात आणि आपली पोरंबाळं, म्हातारे त्याच्या हवाली करतात, ते म्हणतं तपाने थकलोय, मला रोज नदीवर न्या, आणि मग मांजर गुटगुटीत होत जातं, उंदीर कमी होत जातात. पण ही गोष्ट सांगून पाठवतो कोण तर दुर्योधन, आपला दूत उलूक याच्याकरवी, आणि कोणाला तर युधिष्ठिराला! राज्य बळकावणारा धर्मराजाला ढोंगी म्हणतोय. इथे मी बराच वेळ गप्प उभी होते.

तक्रार एकच, शेजारचा कृष्णमंडप फार घाईत उरकला, तिथे अजून १५ मिनिटं हवी होती. काका हिंदी आणि इंग्रजी दोन्ही छान बोलतात. पट पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी जा, उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. ५ पैकी साडेचार.